डी ड्राइव्हमधले हिंगमिरे सर

काकू कुणाशी तरी बोलत होत्या, म्हणून मी दारातच थांबलो.

"दुधात नाही, पाण्यात घालायची ती पावडर," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "कडू लागणारच की. औषध आहे ते, पेढा आहे का?" पुन्हा थांबल्या आणि हसल्या. "बरं, तुमचंच खरं."

घरात पाहुणे असतील तर उगाच मध्ये नको, म्हणून मी खिडकीतून डोकावलो. आत कुणी नव्हतं. काकू एकट्याच कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, तेही शेजारच्या लाकडी स्टुलावर. समोरची खुर्ची रिकामी होती. चांगली गादीची खुर्ची सोडून माणूस स्टुलावर का बसतं, हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी बावीस वर्षांचा होतो, सोलापूरहून हार्डवेअरचा कोर्स करून नुकताच परतलो होतो आणि बार्शीत आपल्याइतकं कुणाला कळत नाही याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"काकू, मी महारुद्र. शिवकुमारदादांनी पाठवलंय. कॉम्प्युटर अपग्रेड करायचाय."

"ये ये. बिघडायचा नाही ना रे?"

"बिघडतोय कशाला? पळायला लागेल."

शिवकुमार हा त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळूरला नोकरीला. त्याला मुलगी झाली होती आणि आजीला नात व्हिडिओ कॉलवर दिसावी अशी त्याची इच्छा होती. घरातला कॉम्प्युटर जुना, त्यावरची सिस्टीम त्याहून जुनी, त्यामुळे कॉलचं नवं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. म्हणून त्याने मला फोन करून काम दिलं होतं. एका दुपारचं काम होतं.

मी खुर्चीत बसलो. काकूंचा हात क्षणभर पुढे आला आणि मागे गेला. तेव्हा मला ते दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

"काकू, मी सीला फॉरमॅट मारणार. डेस्कटॉपवर काही ठेवलंय का?"

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच इलाज, फॉरमॅट मारणे. सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकायची. फक्त सी ड्राइव्ह पुसायचा आणि गिऱ्हाइकाचं जे काही असेल ते डीमध्ये सुरक्षित राहतं, एवढं पथ्य आम्ही पाळायचो.

"मला ते सी-बी काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "सर डीमध्ये आहेत."

मी हसलो. "कोण सर?"

"आमचे सर." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोटसुद्धा केलं नाही, पडद्याकडेच केलं.

हिंगमिरे सर म्हणजे स्टँडमागच्या टायपिंग क्लासचे सर. मराठी-इंग्रजी टायपिंग, तीस वर्षं. त्यांच्याकडे शिकलेली माणसं कोर्टापासून तहसीलपर्यंत बसलेली होती. शेवटी त्यांना घशाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं आणि आवाज गेला. पण बोटं शाबूत होती. तेव्हा सर कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि बोलायचं ते टाइप करायचे. काकू शेजारी स्टुलावर बसून वाचायच्या आणि तोंडाने उत्तर द्यायच्या. "बोलण्याइतकाच वेग होता त्यांचा," काकू म्हणाल्या, "कधीकधी तर मी बोलायच्या आत उत्तर तयार." चौदा महिने त्या घरात संसार असा चालला. टाइप केलेलं पान टाकून द्यायचं नाही ही सरांची जुनी शिस्त, म्हणून रोजची फाईल तारीख घालून ठेवलेली. सर जाऊन वर्ष होत आलं होतं. काकू रोज दुपारी गेल्या वर्षीची त्याच तारखेची फाईल उघडायच्या आणि सरांची एकेक ओळ वाचून आपलं उत्तर परत द्यायच्या. त्यांची उत्तरं कुठेच लिहिलेली नव्हती, ती त्यांना पाठ होती.

हे सगळं त्या सांगत होत्या आणि मी हूं हूं करत माझं काम करत होतो. खरं सांगतो, मला तेव्हा एवढंच वाटलं की म्हातारीचं डोकं जरा हललंय.

सीला फॉरमॅट मारला, नवी सिस्टीम टाकली. संध्याकाळच्या आत बंगळूरची नात पडद्यावर आली. काकूंनी तिला डोळे भरून पाहिलं, बोबडं बोलल्या, शिवकुमारदादाने मला शाबासकी दिली. कॉल संपला तशा काकू म्हणाल्या, "आता सर उघड."

मी उघडायला गेलो तर डी ड्राइव्ह नव्हताच.

"उद्या येतो काकू," मी म्हणालो. "बारीकसारीक असेल काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत दोन डिस्क होत्या. एकीवर सिस्टीम, दुसरी जुनी जाडजूड, ती डी. तिची केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. फुंकर मारण्याला आमच्या धंद्यात फार मान आहे. मग केबलच बदलली. मशीन चालू होताना डिस्क दिसायची, सिस्टीम सुरू झाली की गायब. कान लावून ऐकलं तर आतून मधूनच टक्-टक् आवाज येत होता. काकू स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसतात तशा.

शेवटी सिस्टीमच्या आतल्या यादीत डिस्क सापडली. होती, पण तिला अक्षरच दिलेलं नव्हतं. अपग्रेड होताना तिचं 'डी' हे नाव सुटून गेलं होतं. मी ते परत दिलं. लगेच सिस्टीमने तक्रार केली की या डिस्कमध्ये दोष आहेत, तपासू का? तपासायला लावलं. त्यात तीन तास गेले. शेवटी निकाल आला की काही जागा खराब, बाकी ठीक.

"आली काकू," मी ओरडलो. "सगळ्या फायली आहेत. चारशेच्या वर आहेत."

काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला. "आज बारा तारीख," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीची बारा काढ."

मी फाईल उघडली आणि पडद्यावर सगळी घाण आली. इंग्रजी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर टोप्या, कुणाच्या पोटातून रेघा, मध्येच पौंडाचं चिन्ह. दुसरी फाईल उघडली, तेच. दहा उघडल्या, दहाही तशाच.

"हे काय रे?"

"करप्ट झालंय सगळं."

"म्हणजे?"

"सडलं, काकू."

तो शब्द मी वापरला. दुसरा सुचला नाही असं नाही, सोपं करून सांगण्याची हौस होती.

काकू खाली बसल्या. चष्मा पुसला आणि पडद्याजवळ तोंड नेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं रडतायत. त्या वाचत होत्या.

"महारुद्र, ही वरची तारीख बघ. बारा आहे ना? ती तर धड आहे."

"आकडे राहतात कधीकधी," मी ठोकून दिलं. आकडे का राहावेत याची मला काडीइतकी माहिती नव्हती.

"आणि ही पहिली ओळ. एवढीशीच, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. सर रोज उठल्या उठल्या पहिलं हेच लिहायचे, 'उठलीस?' तेच आहे हे."

"काकू, प्रश्नचिन्ह काय, कुठेही येतं."

"थांब रे जरा. ही लांब ओळ सोड. तिच्याखाली ह्या दोन बारक्या. मी विचारलं होतं भात टाकू का. ते म्हणाले 'नको'. मी म्हटलं, घासभर तरी. तर म्हणाले 'नको ना'. आता बघ," त्यांनी पडद्यावर नख टेकवलं, "ह्या पहिल्या ओळीतल्या खुणा आणि ह्या दुसरीतल्या सुरुवातीच्या खुणा. एकच आहेत का नाहीत?"

मी पाहिलं. एकच होत्या. टोपीवालं अक्षर, मग रेघवालं, मग आणखी एक. खालच्या ओळीतही त्याच क्रमाने तेच, आणि पुढे एक जागा सोडून दोन जास्तीची.

"योगायोग," मी म्हणालो.

"सगळ्याच ओळी कशा रे योगायोगाने? जिथे ते थोडं बोलले तिथे थोडं आहे. जिथे रागावले तिथे लांबलचक आहे. हे सरच आहेत. फक्त वाचता येत नाहीयेत."

"काकू, असं नसतं हो. मी कोर्स केलाय. सडलेला डेटा असाच दिसतो."

"तू बघितलाय आधी सडलेला?"

मी पाहिलेला नव्हता. पुस्तकात एक चित्र होतं, तेही पुसट. पण सत्तरीच्या बाईने, जिला सी आणि डी कळत नाही तिने, मला असं विचारावं याने माझं डोकं फिरलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. शिवकुमारदादा होता. मी गॅलरीत गेलो.

"झालं का रे?"

"डिस्क सापडली दादा, पण आतलं सगळं खराब. आणि काकू ऐकेनात. म्हणतात त्यातच सर आहेत."

तो म्हणाला, "हे बघ, ती रोज तेच घेऊन बसते. शेजारचे मला फोन करतात, एकटीच बोलते म्हणून. मी इथून काय करू? खराब झालंय ना? मग एक प्रकारे बरंच झालं. साफ करून टाक. तिला सांग डिस्कच गेली. नवं काहीतरी भरून दे, देवाबिवाचं."

मी आत आलो. काकू कागद-पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. कागदावर त्यांनी ती टोपीवाली अक्षरं काढली होती आणि शेजारी 'नको' लिहिलं होतं.

"आज राहू दे हे असंच," त्या म्हणाल्या. "मी बघते बसून. उठलीस, नको, हो, चहा, असे चार शब्द लागले की पुढचे लागतील. लागेल मला हळूहळू. घाई काय आहे?"

"काकू, अशी डिस्क ठेवली तर नवी सिस्टीमपण खराब होईल." हेही मी तिथल्या तिथे तयार केलं.

"होऊ दे. चहा टाकते, थांब."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. कपबश्यांचा आवाज आला. मी डीवर उजवं बटण दाबलं, यादीतून फॉरमॅट निवडलं. सिस्टीमने विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की का? मी हो म्हटलं. दहा सेकंद लागले असतील. दूधसुद्धा उकळलं नव्हतं.

शिवकुमारदादाने सांगितलं होतं हे खरं आहे. पण त्याने सांगितलं म्हणून मी केलं, असं मात्र नाही. मी ते केलं, कारण त्या कागदावरचा 'नको' मला सहन झाला नाही. दोन दिवस राबून मी जे सडलं म्हणालो होतो, ते ही बाई पेन्सिलीने वाचायला निघाली होती. तिचं चुकतंय हे मला सिद्ध करता येत नव्हतं, म्हणून मी वाद घालायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

काकू चहा घेऊन आल्या.

"डिस्क बसली, काकू," मी म्हणालो. "तुम्ही आत गेलात आणि टक् करून बंद पडली. परत चालू केली तर कोरी."

"आपोआप?"

"आपोआप."

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. पडद्याकडे बघितलं. मग तो कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि ब्लाउजमध्ये खोचला.

"साखर कमी वाटली तर सांग," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं, आणि त्यावर आमच्या धंद्यातला उतारा मी शोधला. आमच्याकडे कुणाची डिस्क रिकामी द्यायची पद्धत नाही. नवा कॉम्प्युटर विकला तरी गाणी, सिनेमे भरून द्यायचे, गिऱ्हाईक खूश. मी ती डिस्क दुकानात नेली आणि भरायला घेतली. संतांची वचनं, भजनं, कीर्तनं, जुनी संगीत नाटकं, पाककृती, योगासनं. माझ्याकडचं संपलं तेव्हा ओळखीच्यांकडून आणून भरलं. म्हातारीचा वेळ जाईल, मुलाला बरं वाटेल. डिस्क अगदी काठोकाठ भरली तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. नेऊन लावून दिली.

"एवढं कधी ऐकायचं रे मी?" काकू म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत.

तीन आठवडे गेले. लग्नसराई तोंडावर आली होती. जब्बारभाई आतार माझ्याच गाळ्याच्या ओळीत लग्नपत्रिकांचं टाइपसेटिंग करायचे. त्यांचं मशीन रडतखडत चालायचं, म्हणून मी त्यांनाही नवी सिस्टीम टाकून दिली. सीला फॉरमॅट मारला, डीला हात लावला नाही. झाल्यावर तपासायला म्हणून डीमधली एक पत्रिका उघडली. टोप्या, रेघा, पौंडाचं चिन्ह. दुसरी उघडली, तेच.

"जब्बारभाई, घात झाला. तुमचा डेटा गेला."

जब्बारभाईंनी तोंडातली सुपारीसुद्धा थांबवली नाही. "कुठं गेला?"

"बघा की. सडलंय सगळं."

त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अबे, फॉन्ट कोण टाकणार? तुझा आजा?"

"म्हणजे?"

"सरक तिकडं." त्यांनी खणातून एक जुनी सीडी काढली, लावली, दोन-चार वेळा बटण दाबलं. मग ती सगळी घाण एकदम निवडली आणि यादीतलं एक नाव टिचकीने लावलं. त्या टोप्यांची आणि रेघांची एका क्षणात पत्रिका झाली. वधूचं नाव, वराचं नाव, आहेर आणू नये.

"आतली अक्षरं इंग्रजीच असतात रे," ते म्हणाले. "वरून मराठी फॉन्टचा सदरा घातलेला. फॉरमॅट मारला की सदरा जातो, माणूस कुठं जातोय? आता मोबाईलवर मराठी आलं म्हणून तुम्हा पोरांना माहीत नाही. गावात मराठी टाइप करणारा झाडून सगळा माणूस ह्याच्यावर शिकला. मला तर हिंगमिरे सरांनीच शिकवलं."

मी तोवर आयुष्यात मराठीची एक ओळ कॉम्प्युटरवर टाइप केली नव्हती. मराठी मुलखात मराठी माणसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो, आणि मराठी त्याच्या आत कशी राहते हे मला ठाऊक नव्हतं. काकूंना तर सीसुद्धा ठाऊक नव्हता. पण त्यांनी दोन ओळींतल्या खुणा जुळवून बरोबर सांगितलं होतं, आणि मी त्या बघूनसुद्धा योगायोग म्हणालो होतो.

अजून भजनं भरतो असं सांगून मी काकूंकडून डिस्क आणली. पुसलेलं परत काढायची सॉफ्टवेअरं असतात. नुसती दहा सेकंदांत पुसलेली डिस्क असती तर चारशेच्या चारशे फायली परत मिळाल्या असत्या, कारण अशा पुसण्यात फक्त यादी जाते, माल जागेवरच असतो. पण त्या जागेवर मी वचनं बसवली होती, कीर्तनं बसवली होती. दोन दिवस मशीन चालत राहिलं. जे निघालं ते सगळं मीच भरलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फाईल आली, तीही अर्धी.

ती जब्बारभाईंच्या मशीनवर नेली. फॉन्ट लावला. वर तारीख होती आणि खाली पहिली ओळ. 'उठलीस?'

जब्बारभाई मागून वाचत होते. प्रिंट काढून दिली आणि मशीन माझ्यावर सोपवून बाहेर जाऊन उभे राहिले.

ते पान चार दिवस माझ्या खिशात होतं. द्यायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागणार होतं. न द्यावं तर काकूंना कधी कळणारही नव्हतं. आज मला विचाराल तर त्यातलं बरं कुठलं होतं हे मला अजून सांगता येत नाही. तेव्हा मला फक्त ते खिशातून घालवायचं होतं.

मी गेलो तेव्हा काकू घेवडा निवडत होत्या. कॉम्प्युटर बंद होता, त्यावर टॉवेल टाकलेला.

"काकू, सरांचं एक पान मिळालंय."

त्यांनी हात धुतले, पुसले, पान घेतलं. हातात घेऊन वाचलं नाही. टॉवेल काढला, पान पडद्याला टेकवून उभं केलं आणि त्या स्टुलावर बसल्या. खुर्ची रिकामीच ठेवली. मी दाराशी उभा राहिलो. त्या एकेक ओळ मनात वाचायच्या आणि उत्तर मोठ्याने द्यायच्या. ओळी मला पाठ झाल्या होत्या, त्यामुळे दोन्ही बाजू मला पहिल्यांदाच ऐकू आल्या.

उठलीस?

"केव्हाची."

पाय दुखतोय का अजून?

"चालायला लागलं की राहतो."

नळावर मी जातो.

"काही नको. ओझं उचलायचं नाही सांगितलंय तुम्हाला."

बादली घशाने उचलतात का?

काकू हसल्या. "जा मग. ऐकणार थोडेच."

शिवूचा फोन आला तर सांग झोपलेत.

"का हो? तो एवढा आठवणीने करतो."

मी बोलू शकत नाही आणि तो बोलत नाही. दोघं श्वास ऐकत बसतो. बिल त्याला येतं.

"असं बोलू नये." हे त्या हळू म्हणाल्या. मग पुढची ओळ वाचली आणि मान डोलावली. "विचारा की. त्यात परवानगी काय?"

ती ओळ होती, गिरिजा, एक विचारू?

त्याच्याखालची ओळ अर्धीच होती. तुला कधी असं, एवढंच. पुढे नुसते चौकोन छापले होते.

काकू थांबल्या. पान हातात घेऊन उलटं करून पाहिलं.

"पुढचं?"

"पुढचं नाही आलं, काकू."

"मग हे कुठून आलं? डिस्क तर आपोआप बसली ना?"

मी सगळं सांगितलं. फॉन्टचं सांगितलं, सदऱ्याचं सांगितलं. त्या चहा टाकायला गेल्या तेव्हा मी काय केलं ते सांगितलं. मग वर भजनं भरली नसती तर सगळं परत मिळालं असतं, हेही सांगितलं. शिवकुमारदादाचा फोन तेवढा गाळला. त्यांना मुलगा तरी राहावा असं मला वाटलं. त्या दिवशी मी केलेलं बरं काम ते एवढंच.

काकू अजून हातातल्या पानाकडेच बघत होत्या.

"म्हणजे मी सांगत होते तेव्हा ते तिथेच होते."

"हो."

"धडधाकट."

"हो, काकू."

"सर गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, असंच होणार होतं, कुणाचा दोष नाही. मग हेही गेलं, तू म्हणालास आपोआप गेलं. मी म्हटलं, बरं. दोन्ही सोसलं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "आता तू येऊन सांगतोस की हे कुणीतरी केलं. कशाला सांगितलंस? तुला मोकळं वाटावं म्हणून?"

मला खरंच थोडं मोकळं वाटलं होतं.

त्यांनी शिवी दिली असती, हाकलून दिलं असतं तर मी गेलो असतो. त्यांनी तसं काही केलं नाही. पान पुन्हा पडद्याला टेकवून उभं केलं आणि त्या शेवटच्या अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी 'हो' म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"काय, काकू?"

"ह्याला. त्यांनी हे विचारलं, मी 'हो' म्हणाले. मग ते कितीतरी वेळ काही लिहीनातच. कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिले. माझा हात घेतला आणि त्यांच्या हाताखाली ठेवला. हे मला लख्ख आठवतं." त्यांनी ओळ पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने. "तुला कधी असं... तुला कधी असं..." तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. पुढचा शब्द येईल म्हणून दर वेळी तिथे थांबल्या.

मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय विचारलं होतं त्यांनी? कशाला हो म्हणाले रे मी?"